आधी झाडं, मग मासे

आचार्य जगदीशचंद्र बोस म्हटलं की लाजाळूची पानं आणि बिनतारी लहरी आठवतात. कोलकात्यात त्यांनी हायड्रिला या अगदी साध्या पाणवनस्पतीवर केलेलं काम मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. १९१७ साली ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. पुढे प्रकाशसंश्लेषणावर त्यांनी जे प्रयोग केले, त्यांचं ‘द फिजिऑलॉजी ऑफ फोटोसिंथेसिस’ हे पुस्तक १९२४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. प्रयोगाची मांडणी सुंदर होती. पाण्याने भरलेल्या काचेच्या पात्रात हायड्रिलाच्या फांद्या ठेवलेल्या. उजेड पडला की त्या ऑक्सिजन सोडू लागायच्या. वायूच्या वाटेवर पाऱ्याचा थेंब झडपेचं काम करायचा. पुरेसा वायू साठला की बुडबुडा निसटायचा, त्याच क्षणी विजेचं मंडल जुळायचं आणि नोंद व्हायची. उजेड वाढला की नोंदी दाट, कमी झाला की विरळ. वनस्पती आपल्या कामाचा हिशेब स्वतःच मांडत होती.

या नोंदींत बोसांना एक वेगळीच गोष्ट दिसली. कोलकात्याच्या उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्या हायड्रिलासारखी वागत नव्हती. उन्हाळ्यातल्या वनस्पतीचा रस आम्ल होता, त्यात मॅलिक आम्ल होतं, आणि पाण्यातून कार्बन डायऑक्साइडचा नेहमीचा पुरवठा नसतानाही तिचं प्रकाशसंश्लेषण चालू राहत होतं. त्या काळी या निरीक्षणाला जागा देणारा सिद्धान्तच नव्हता. १९६० च्या दशकात उसासारख्या पिकांचा कार्बन धरण्याचा ‘सी-फोर’ मार्ग उलगडला. त्यानंतर फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पाणी तापलं आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड संपत आला की हायड्रिलाही त्याच धर्तीच्या मार्गावर वळते, आणि तेही एकाच पेशीच्या आत. बोसांची नोंद काळाच्या अर्धशतक पुढे होती.

घरात पाणवनस्पतींची टाकी लावणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी, असं माझं मत आहे. आपल्याकडे टाकीचा विचार माशांपासून सुरू होतो. आधी रंगीत मासे ठरतात, मग काच, मग दिवा, आणि शेवटी शोभेला म्हणून दोन जुड्या झाडं. ती झाडं महिनाभरात कुजतात आणि दुकानदार प्लास्टिकची झाडं दाखवतो. क्रम उलटा लावला, म्हणजे वनस्पतीला काय हवं ते आधी पाहिलं, तर मासे जवळजवळ आपोआप सुखात राहतात.

वनस्पतीची पहिली अडचण कार्बनची असते. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो. शिवाय पाण्यात हा वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. पानाभोवतीचा पाण्याचा पातळ थर स्थिर असतो. पान त्यातला वायू घेऊन टाकतं आणि बाहेरचा वायू आत पोचायला फार वेळ लागतो. म्हणूनच पाण्याखालची पानं इतकी पातळ, फितीसारखी किंवा बारीक चिरलेली असतात. तळ्यात गाळ कुजून कार्बन डायऑक्साइड वर येत राहतो, टाकीत तो आधार नसतो. दिवा लागल्यावर काही तासांत पाण्यातला वायू संपतो, पीएच चढतो आणि झाडं थांबतात. थोडक्यावर भागवणारं शेवाळ मात्र थांबत नाही. टाकी हिरवट झाली की लोक आणखी मोठा दिवा आणतात आणि शेवाळाची सोय करतात. उजेड कार्बनच्या बेताने द्यायचा असतो, हे या छंदातलं पहिलं व्यावहारिक ज्ञान.

ही अडचण सोडवण्याच्या दोन वाटा आहेत. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी एक वाट लोकप्रिय केली. प्रखर दिवे, दाबाच्या सिलिंडरमधून सोडलेला सीओटू, रोजची खतं, वारंवार छाटणी, आणि त्यातून उभं राहणारं डोंगर-कुरणांचं देखणं दृश्य. दुसरी वाट अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकात मांडली. तळाशी साधी माती, वर वाळूचा थर, मध्यम उजेड आणि पहिल्या दिवसापासून भरपूर झाडं. मातीतला सेंद्रिय भाग कुजून कार्बन पुरवतो. या वाटेचं मूळ आणखी मागे जातं. १८५० मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरियाची झाडं आणि गोगलगायी एका काचपात्रात एकत्र ठेवून दाखवलं होतं की पाणी न बदलता सगळे दीर्घकाळ जगू शकतात. माझं मत स्पष्ट आहे. कोलकात्यात नव्याने सुरुवात करणाऱ्याने दुसरी वाट धरावी, कारण इथलं पाणी आणि इथली हवा तिच्याच बाजूने आहेत.

आधी पाण्याचं बघू. कोलकात्याच्या मोठ्या भागाला हुगळीचं पाणी मिळतं. शहराच्या उत्तरेला पलता इथे ते शुद्ध होतं आणि टाला इथल्या प्रचंड उंच टाकीतून खाली वाटलं जातं. ही लोखंडी टाकी १९११ सालापासून उभी आहे आणि तिच्यात ९० लाख गॅलन पाणी मावतं. नदीचं हे पाणी किंचित अल्कधर्मी आणि मध्यम कठीण असतं. त्यात कार्बन डायऑक्साइड कमी, पण बायकार्बोनेट बऱ्यापैकी असतं. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम यांना बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेता येतो. मॉस जातीच्या वनस्पतींना हे साधत नाही. म्हणजे नळाचं पाणीच सांगतं की कुठली झाडं सहज जगतील. दक्षिण आणि पूर्व भागांतल्या अनेक सोसायट्या मात्र कूपनलिकेचं पाणी वापरतात आणि त्यात लोह असू शकतं. एक बादली पाणी रात्रभर उघडं ठेवा. सकाळी ते पिवळसर झालं आणि तळाशी तांबूस साका बसला, तर आधी ते निवळून आणि गाळून घ्या, मगच टाकीत घाला.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांच्या कल्ल्यांना इजा करतो आणि टाकीतल्या उपयुक्त जिवाणूंना मारतो. पाणी चोवीस तास ठेवलं की तो बहुतेक उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत. साठवलेल्या बादलीवर जाळी किंवा फडकं बांधायला विसरू नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि कोलकात्यात हा प्रश्न दरवर्षीचा आहे.

आता हवा. एप्रिल ते जून या काळात बंद घरातल्या टाकीचं पाणी सहज ३१-३२ अंशांवर जातं. पुण्यात यावर एक सोपा उपाय चालतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडायचा, बाष्पीभवन होतं आणि पाणी तीन-चार अंशांनी उतरतं. कोलकात्यात हाच पंखा निराश करतो. हवा आधीच दमट असल्याने पाणी तिच्यात फारसं मुरत नाही. बाष्पीभवनाने पाणी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीच्या आकड्याखाली कधीच जात नाही, आणि जूनच्या कोलकात्यात तो आकडाच अनेकदा २७-२८ अंशांवर असतो. तेव्हा पंखा जरूर लावा, पण भरवसा दुसऱ्या गोष्टींवर ठेवा. टाकी पश्चिमेच्या खिडकीपासून लांब असावी, दिवा दुपारऐवजी संध्याकाळी लागावा, आणि उष्णता सोसणारी झाडं-मासे निवडावेत.

तापलेल्या पाण्याचा खरा त्रास ऑक्सिजनचा असतो. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशांची आणि जिवाणूंची भूक वाढलेली असते. रात्री झाडंही ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड मारत असतील तर रात्रभर हवेचा पंप चालू ठेवावा. कालबैशाखीच्या वादळात वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा एक पंप घरात असलेला बरा.

टाकी किती मोठी असावी? दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच या मापात काठोकाठ सुमारे ७० लिटर पाणी बसतं. माती-वाळू जाऊन हाती साठ लिटर उरतं. सुरुवातीला हे माप चांगलं. याहून लहान टाकीत पाण्याचा गुण फार झपाट्याने बदलतो. उंच, अरुंद टाकी घेऊ नका, कारण तळापर्यंत उजेड पोचत नाही आणि हात घालून काम करणंही अवघड जातं. काच, माती आणि पाणी मिळून वजन शंभर किलोंच्या आसपास जातं, म्हणून खाली सपाट, मजबूत बैठक हवी. मधे थर्माकोलचा पातळ पत्रा घातला की तळकाचेवरचा भार समान पडतो.

मातीसाठी महागडी पाकिटं लागत नाहीत. बागेतली, रासायनिक फवारा न मारलेली माती चाळून, दोन-तीन वेळा भिजवून वर तरंगणारा काडीकचरा काढून टाकावा. तिचा एक इंचाचा थर द्यावा, त्यावर धुतलेल्या जाडसर वाळूचा तेवढाच किंवा थोडा अधिक थर. माती वाळूखाली पूर्ण झाकली पाहिजे. वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल तर पाणी आणखी कठीण होतं. मूठभर वाळूवर व्हिनेगर ओतलं आणि फसफसलं, तर ती वाळू वापरू नये. मातीत ताजं शेणखत घालायचा मोह टाळा, त्यातून पाण्यात अमोनिया उतरतो.

झाडांच्या खरेदीसाठी कोलकात्यासारखं शहर नाही. उत्तर कोलकात्यात बागबाजारजवळ गॅलिफ स्ट्रीटवर रविवारी सकाळी शौकाचा हाट भरतो. पूर्वी तो हातीबागानात भरत असे. पक्षी, कुत्री, रोपटी यांच्याबरोबर माशांची आणि पाणवनस्पतींची मोठी ओळ तिथे असते. हावडा आणि दक्षिण चोवीस परगणा या जिल्ह्यांत कितीतरी कुटुंबं घरामागच्या सिमेंटच्या हौदांत आणि छोट्या तळ्यांत शोभेचे मासे वाढवतात. भारतातून परदेशी जाणाऱ्या शोभिवंत माशांचा बहुतांश भाग कोलकात्यातूनच जातो. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये काचेआड पाहिलेल्या कितीतरी जाती इथे मूळ गावच्या आहेत, हा फरक मनात ठेवून बाजारात फिरावं.

पहिल्या खेपेला घ्यायची झाडं देशीच असावीत. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरियाच्या लांब पाती. मधल्या भागात हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आणि हायग्रोफिला डिफॉर्मिस, दोन्ही भारतीय उपखंडातल्याच. रोटाला रोटुंडिफोलिया पुढे लावली तर पुरेशा उजेडात तिचे शेंडे गुलाबी होतात. हायड्रिला किंवा सेराटोफायलम न लावता नुसते सोडले तरी वाढतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत पाण्यातला अमोनिया शोषायला त्यांच्याइतकं कामाचं कुणी नाही. ब्राह्मी तर भाजीबाजारातच मिळते. बंगाली माणूस तिची भाजी खातो. तीच जुडी स्वच्छ धुऊन, खालची पानं काढून वाळूत खोचली की पाण्याखाली हळूहळू रुजते. क्रिप्टोकोरायनीचे प्रकारही जरूर लावावेत. क्रिप्टोकोरायनी सिलियाटा सुंदरबनाच्या खाजणात उगवते, तर क्रिप्टोकोरायनी कॉग्नाटा आपल्या कोकणात. कोकणातली ही जात फक्त सह्याद्रीच्या टापूतली आणि दुर्मीळ आहे. ती ओढ्यातून उपटून आणायची नाही, नर्सरीत वाढवलेल्या इतर जाती घ्यायच्या.

लावल्यावर आठवड्याभरात क्रिप्टोकोरायनीची पानं वितळल्यासारखी गळतात. घाबरून झाड उपटू नये. मुळं जिवंत असतात आणि नव्या पाण्याला जुळणारी पानं पुन्हा फुटतात. बाजारातली बरीच झाडं पाण्याबाहेर, ओल्या हवेत वाढवलेली असतात. त्यांची जुनी पानं पाण्याखाली निकामी होतात, पण नवीन पान आलं की समजावं झाड लागलं. बाजारातून आणलेली जुडी आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून मग धुवावी, म्हणजे जळवा आणि किड्यांचा उपद्रव कमी होतो. शक्य तितकी जास्त झाडं पहिल्याच दिवशी लावा. विरळ लावलेली टाकी शेवाळाच्या ताब्यात जाते.

यानंतर मासे आणण्याची घाई करायची नाही, कारण टाकीत अजून जिवाणू वसायचे असतात. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी, तिसरा बराच सौम्य. हे सूक्ष्मजीव वाळूवर, पानांवर, फिल्टरच्या स्पंजवर थर करून राहतात आणि त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. भरगच्च झाडं असली की काम सोपं होतं, कारण बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियमच आधी उचलतात.

हीच क्रिया शहराच्या प्रमाणावर बघायची असेल तर कोलकात्याच्या पूर्वेला जावं. पूर्व कोलकाता पाणथळ प्रदेश १२,५०० हेक्टरांचा आहे आणि २००२ पासून तो रामसर यादीत आहे. शहराचं सांडपाणी कालव्यांतून तिथल्या भेरींत, म्हणजे मासे वाढवण्याच्या उथळ तळ्यांत सोडलं जातं. पाणी उथळ असल्याने ऊन तळापर्यंत जातं. जिवाणू घाण फोडतात, सूक्ष्म शेवाळ त्यातली पोषकद्रव्यं घेतं आणि ऑक्सिजन सोडतं, मासे ते शेवाळ खातात. कडेने लावलेली जलपर्णी लाटांपासून बांध राखते आणि काही धातूही शोषते. मच्छीमारांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या या व्यवस्थेचं शास्त्र ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने जगापुढे मांडलं आणि २०१८ साली मृत्यू येईपर्यंत तिच्यासाठी ते झगडले. शुद्धीकरणाचं यंत्र नाही, रसायन नाही, तरी हे पाणी स्वच्छ होतं आणि शहराला मासे मिळतात. आपली टाकी याच नियमाने चालते, फक्त तिच्यात चुकीला जागा फार कमी आहे.

टाकीत उष्णतेचा आणखी एक धोका या अमोनियाशीच जोडलेला आहे. पाण्यातल्या अमोनियाचा जो भाग मुक्त स्वरूपात असतो तोच जास्त घातक. ३० अंश तापमानात पीएच ७ असेल तर हा भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ८ झाला की तो सुमारे साडेसात टक्क्यांवर जातो. म्हणजे हुगळीच्या अल्कधर्मी पाण्यात, मे महिन्यात, एका दिवसाचं जास्त पडलेलं खाद्यसुद्धा मासे मारू शकतं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासे आणू नयेत, आणि आणले तरी सगळे एकदम नकोत.

मासे कुठले, याचं उत्तर बंगालच्या तळ्यांनी फार पूर्वीच दिलेलं आहे. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन हे १८१४-१५ मध्ये कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. गंगा आणि तिच्या फाट्यांतल्या माशांवरचा त्यांचा ग्रंथ १८२२ साली एडिंबरोहून निघाला. आज जगभरच्या टाक्यांत दिसणाऱ्या कितीतरी माशांचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्या एका ग्रंथात आहे. झेब्रा डॅनियो, रोझी बार्ब, लाल खलिशा, चुना खलिशा, काचेसारखा पारदर्शक चांदा, बॅडिस, पँचॅक्स हे सगळे त्यात आहेत. यांतला झेब्रा डॅनियो पुढे जगातल्या प्रयोगशाळांत पोचला. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९७० च्या दशकात त्याच्यावर आनुवंशिकतेचं काम सुरू केलं आणि आज तो जीवशास्त्रातला एक प्रमुख प्रायोगिक प्राणी आहे.

साठ लिटरच्या टाकीत चुना खलिशाची एक जोडी आणि सहा-आठ झेब्रा डॅनियो एवढं पुरे. खलिशाला डोक्यात हवा घेण्याचं एक खास इंद्रिय असतं. तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणून तापलेल्या पाण्यातही टिकतो. पृष्ठभाग झाडांनी पूर्ण झाकू नये, ते याचसाठी. लाल खलिशा दिसायला अधिक भडक, पण परदेशी फार्मवर दाटीने वाढवलेल्या नगांमध्ये विषाणूचा रोग आढळतो, तेव्हा स्थानिक मिळाला तरच घ्यावा. पँचॅक्स डासांच्या अळ्या आवडीने खातो. तो उडीही मारतो, म्हणून झाकण हवं. चांदा माशाच्या बाबतीत एक विनंती आहे. त्याच्या पारदर्शक अंगात सुईने रंग टोचून असे मासे ‘डिस्को’ वगैरे नावांनी विकले जातात. हे क्रौर्य आहे. रंग काही महिन्यांत जातो आणि तोवर बरेच मासे जखमेच्या संसर्गाने मरतात. असे मासे घेऊ नका आणि दुकानदाराला का घेत नाही ते सांगा.

देखभालीचं काम फार नाही, पण नियमित आहे. दिवा सहा ते आठ तास, टायमर लावूनच. माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच खाद्य. आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं. उडून गेलेलं पाणी नुसतं वरून भरत राहिलं तर क्षार साठत जातात, कारण वाफ होते ती शुद्ध पाण्याची. स्पंज फिल्टर नळाखाली धुवायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नाहीतर क्लोरीनने त्यातले जिवाणू जातात. वाढलेले शेंडे छाटून तेच पुन्हा खोचले की झाडं दाट होतात.

मातीतला साठा काही महिन्यांनी ओसरतो आणि झाडं ते पानांतून सांगू लागतात. जुनी पानं पिवळी पडून नवी हिरवी राहिली तर नत्र कमी, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं. नवं पानच फिकट येत असेल तर लोह कमी, कारण लोह असं हलवता येत नाही. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडू लागली तर पालाश. यावर परदेशी बाटल्या घेण्याची गरज नाही. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला तोंडपाठ असलेली विद्राव्य खतं इथेही चालतात. तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, शून्य-बावन्न-चौतीस म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. साठ लिटर पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घातलं की नायट्रेट लिटरमागे सुमारे दहा मिलिग्रॅमने वाढतं. आठवड्याला एवढं साध्या टाकीला पुष्कळ झालं. फॉस्फेट याच्या दहाव्या हिश्श्याइतकं. मासे भरपूर असतील तर त्यांच्याच खाद्यातून नत्र-स्फुरद मिळतं आणि बाहेरून फक्त लोह द्यावं लागतं. शेवाळ दिसल्याबरोबर औषध ओतू नका. दिव्याचे दोन तास कमी करा, आणखी एक जुडी हायड्रिला सोडा, आणि खाद्य निम्मं करा.

विदर्भातल्या भंडारा-गोंदिया भागात माजी मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाने जे केलं, ते या सगळ्याचं मोठ्या पाण्यातलं उदाहरण आहे. बाहेरून आणलेलं मत्स्यबीज सोडूनही तलावांतले देशी मासे घटत चालले होते. तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी, त्यात स्त्रिया आघाडीवर होत्या, आधी बेशरम या झुडपाचं रान काढलं. मग तळाची जमीन मोकळी करून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम आणि कमळवर्गीय झाडं हाताने लावली. माशांना अंडी घालायला जागा आणि पिलांना खाद्य मिळालं, तलावांत देशी मासे परतले आणि त्यांच्यामागे पक्षीही आले. आधी झाडं, मग मासे, हा क्रम तिथल्या लोकांनी पोटापाण्याच्या अनुभवातून ओळखला होता.

टाकी लावणाऱ्यांकडून एकच गोष्ट मागायची आहे. टाकीतलं काहीही तळ्यात, नाल्यात, नदीत सोडू नका. ज्या जलपर्णीने बंगालचे जलमार्ग आणि भातशेती गुदमरून टाकली, ती दक्षिण अमेरिकेतून शोभेचं झाड म्हणूनच आली होती, आणि तिच्याविरुद्ध १९३६ साली बंगालमध्ये खास कायदा करावा लागला. आपली हायड्रिला १९५० च्या दशकात अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली आणि तिथल्या तलावांचं संकट बनली. काचा साफ करायला आणलेला दक्षिण अमेरिकी सकर मासा आज पूर्व कोलकात्याच्या भेरींत आहे आणि आपल्या उजनी धरणातही आहे. मच्छीमारांची जाळी तो फाडतो आणि देशी माशांची जागा घेतो. छाटलेली झाडं उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत खत म्हणून घाला. नको झालेला मासा दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या छंदिष्टाला द्या.